दिल्ली बांधणाऱ्या खाणी

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरायच्या होत्या. त्याआधी शहरात दिवसरात्र बांधकाम चालले होते. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, यमुनाकाठचे इंदिरा गांधी क्रीडासंकुल, सिरी फोर्टजवळचे खेळाडूंचे गाव, नवे उड्डाणपूल, नवी हॉटेले. या सगळ्याला खडी, दगड आणि वाळू हवी होती, आणि ती फार लांबून आणावी लागत नव्हती. शहराच्या दक्षिण वेशीवर, तुघलकाबादच्या किल्ल्यापलीकडे, दिल्ली आणि हरियाणाची हद्द जिथे डोंगरातून जाते तिथे खाणी होत्या. भाटी, लक्कडपूर, अनंगपूर, मेवला महाराजपूर, पाली ही त्या पट्ट्यातली गावे. खाणींतून ट्रक भरून निघत आणि मथुरा रोडने राजधानीत शिरत.

राजधानीच्या इतिहासात बादशहांना, व्हाइसरॉयांना आणि वास्तुशिल्पींना भरपूर जागा मिळाली आहे. या खाणींना फारशी मिळालेली नाही. तरीही भारतातल्या कामगार कायद्याचे एक महत्त्वाचे पान आणि पर्यावरण कायद्याचे दुसरे महत्त्वाचे पान इथेच लिहिले गेले. दोन्ही पाने एकाच न्यायालयाने, एकाच डोंगराबद्दल लिहिली. ती एकमेकांना जोडली मात्र गेली नाहीत. त्याची किंमत कोणी मोजली हे कळण्यासाठी घटनाक्रम मुळापासून पाहायला हवा.

डोंगर आणि त्याची लाल वाळू

गुजरातेतून निघालेली अरवली रांग राजस्थान ओलांडून हरियाणात येते आणि दिल्लीत वझीराबादजवळ यमुनेच्या काठी संपते. तिच्या या शेवटच्या टोकाला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. खडक मुख्यतः क्वार्ट्झाइटचा. हा खडक म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी साचलेली वाळू, जी उष्णतेने आणि दाबाने घट्ट झाली. तो इतका कठीण असतो की त्यावर नक्षी कोरणे जवळपास अशक्य. म्हणून मोगलांनी दर्शनी भिंतींसाठी लाल वालुकाश्म बाहेरून आणला आणि इंग्रजांनी नव्या दिल्लीसाठी धोलपूर-भरतपूरकडचा दगड वापरला. पण पाया, भराव आणि जाड तटबंदी यांसाठी क्वार्ट्झाइटला तोड नव्हती. १३२१ नंतर गियासुद्दीन तुघलकाने चार-पाच वर्षांत तुघलकाबादचा अवाढव्य किल्ला उभा केला तो याच दगडाचा. त्याच्याही आधी, तोमर राजांच्या काळात, याच डोंगरात सूरजकुंड हा तलाव बांधला गेला आणि अनंगपूरचा बंधारा घातला गेला.

भाटी गावाच्या आसपास मात्र या कठीण खडकाने वेगळेच रूप घेतले आहे. इथे तो जमिनीखाली झिजून ठिसूळ झाला आहे. पहार मारली की कडा ढासळतो, आणि चाळून घेतले की लालसर, भरड, टोकदार कणांची वाळू हाती येते. बाजारात तिला ‘बदरपूर’ म्हणतात, कारण ती मथुरा रोडवरच्या बदरपूर गावावरून शहरात येई. यमुनेची वाळू बारीक आणि अभ्रकाच्या कणांनी भरलेली असते, म्हणून बांधकामाच्या पक्क्या कामाला गवंडी बदरपूर मागत. दिल्लीतल्या दोन पिढ्यांच्या घरांचे गिलावे आणि स्लॅब या वाळूचे आहेत.

मागणी कशी वाढली

१९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. तो बांधकामाचा पहिला मोठा लोंढा. खरा पूर आला तो फाळणीनंतर. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाखांच्या थोडी वर होती, १९५१ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी शहराच्या चारी अंगांना वसाहती उठल्या. दक्षिणेला फरीदाबाद हे नवे औद्योगिक गाव बन्नू आणि डेरा इस्माइलखानाकडून आलेल्या निर्वासितांनी स्वतःच्या श्रमांतून उभे केले. १९८१ पर्यंत दिल्ली ६२ लाखांवर पोहोचली होती. एवढ्या माणसांच्या डोक्यावर छप्पर घालायचे तर डोंगर फुटणारच होता.

खाणींत राबायला आलेल्यांत पहिला मान ओड समाजाचा. मातीकाम आणि खोदकाम हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आपल्याकडच्या वडार समाजाशी त्यांचे काम, भटकंती आणि हलाखी थेट जुळते. फाळणीत सीमेपलीकडून आलेल्या ओड कुटुंबांपैकी अनेक जण भाटीत स्थिरावले. गाढवांच्या पाठीवर लाल वाळू लादून ते खोल खड्ड्यांतून वर आणत. गंगा पृथ्वीवर आणणाऱ्या भगीरथाचे आपण वंशज, असे ते मानतात. म्हणून त्यांच्या एका वस्तीचे नाव भगीरथ नगर. काही खड्डे शंभर फुटांहूनही खोल गेले. कडे कच्चे होते, त्यामुळे दरड कोसळून माणूस गाडला जाणे हा रोजचा धोका होता.

हरियाणाच्या बाजूला, फरीदाबाद जिल्ह्यात, दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर होते. तिथे ओडांखेरीज दुसरेच मजूर आले. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांतून आलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या चारही राज्यांचा उल्लेख आहे. दिल्लीतल्या मराठी माणसांचा इतिहास आपण महादजी शिंद्यांपासून संसद भवनापर्यंत सांगतो. त्यात या खाणींतल्या मराठी मजुरांनाही जागा हवी.

मालक, मुकादम, मजूर

दगड, वाळू, मुरूम ही कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिजे’. १९५७ च्या खाण कायद्याने त्यांचे परवाने देण्याचे अधिकार राज्यांकडे सोपवले. हरियाणा सरकार खाणपट्टे देई आणि पैसा तिजोरीत जमा होई. पट्टेदार स्वतः मजूर ठेवत नसे. तो काम ठेकेदाराला किंवा जमादाराला देई. जमादार दूरच्या गावी जाऊन माणसे गोळा करी, हातावर आगाऊ रक्कम ठेवी आणि बायकामुलांसह त्यांना घेऊन येई. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला, आणि ती फिटत नाही.

ती का फिटत नाही, याचेही उत्तर निकालपत्रात आहे. मजुरी ट्रकमागे ठरलेली असे. त्यातून जमादाराचे कमिशन जाई. खडक फोडण्यासाठी लागणाऱ्या स्फोटकांचा आणि भोके पाडण्याचा खर्चही मजुरांच्याच मजुरीतून कापला जाई. ट्रकचे मापही खात्रीचे नसे. भरायचा माल जास्त आणि मोजायचा कमी. म्हणजे डोंगर सरकारचा, परवाना पट्टेदाराचा, नफा क्रशरवाल्याचा, आणि सुरुंगाच्या दारूचा खर्च मात्र मजुराचा.

खणणाऱ्याच्या हक्काची तुलना करायची तर, १८९६ साली कॅनडाच्या दूर उत्तरेत, क्लोंडाइक खोऱ्यातल्या बोनान्झा ओढ्याच्या गाळात सोने सापडले, तेव्हा हजारो माणसे तिकडे धावली. बहुतेक जण रिकाम्या हाताने परतले. तरी तिथे एक नियम होता. ओढ्याकाठी पहिला खुंट रोवणाऱ्याला त्या तुकड्यातल्या मातीवर हक्क मिळे. अरवलीत खणणाऱ्याला एका घमेल्याइतकाही हक्क नव्हता. इथे नशीब काढायला कोणी आले नव्हते. गावात पोट भरत नव्हते म्हणून माणसे आली होती, आणि आल्यावर त्यांना परत जाता येईना.

एक पत्र

स्वामी अग्निवेश मूळचे आंध्रातले. छत्तीसगडमध्ये वाढले, कलकत्त्यात प्राध्यापक झाले आणि १९६८ मध्ये हरियाणात येऊन आर्य समाजाच्या कामात पडले. पुढे त्यांनी संन्यास घेतला, आमदार झाले, काही काळ हरियाणाचे शिक्षणमंत्रीही होते. १९८१ मध्ये त्यांनी ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ ही संघटना काढली. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच रद्द झाली होती, पण ती प्रत्यक्षात कुठे आहे हे शोधून सरकारपुढे मांडणारे कोणी नव्हते. मोर्च्याच्या कार्यकर्त्यांनी फरीदाबादच्या खाणींची पाहणी केली आणि २५ फेब्रुवारी १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. इथे माणसे अमानुष स्थितीत राबताहेत आणि त्यांतले अनेक वेठबिगार आहेत, असे त्यात म्हटले होते.

न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. दुसऱ्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, अशोक श्रीवास्तव आणि अशोक पांडा या दोन वकिलांना आयुक्त नेमून खाणींवर पाठवण्यात आले. २ मार्चपर्यंत अहवाल द्यायचा होता, तो त्यांनी दिला. क्रशर चालू होते आणि हवेत इतकी धूळ होती की श्वास घेणे कठीण व्हावे. मजूर सांगत होते की त्यांना खाण सोडून जाऊ दिले जात नाही. प्यायला शुद्ध पाणी नव्हते, ते नाल्याचे घाण पाणी पीत होते. दगडावर दगड रचून भिंती केलेल्या, वर गवत टाकलेले, अशा झोपड्या होत्या. त्या ऊन-पाऊस अडवत नव्हत्या, आणि इतक्या ठेंगण्या होत्या की माणसाला आत धड उभे राहता येत नव्हते. काही जणांना जुनाट क्षय होता. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मिळत नव्हती. दवाखाना नव्हता, मुलांना शाळा नव्हती.

५ मार्च १९८२ रोजी न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. आयआयटीतले डॉ. पटवर्धन यांना सामाजिक आणि कायदेशीर अंगाने सविस्तर पाहणी करायला सांगण्यात आले. त्यांनी २८ जूनला अहवाल सादर केला. मजुरीचे दर, कमिशन, स्फोटकांच्या खर्चाची कपात यांचे जे चित्र पुढे निकालात उमटले, त्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे. न्यायालयाच्या चार भिंतींत बसून जे कळले नसते, ते खाणीत जाऊन माणसांशी बोलल्यावर कळले.

निकाल

हरियाणा सरकार आणि पट्टेदार यांनी आक्षेप घेतले. साध्या पत्राची याचिका होऊ शकत नाही, कोणाच्या मूलभूत हक्काचा भंग झालेला नाही, आयुक्तांच्या अहवालाला पुराव्याची किंमत नाही. सगळ्यात कळीचा युक्तिवाद असा होता की मजूर सक्तीने राबत असले तरी त्यांनी उचल घेतली होती हे सिद्ध होत नाही, तोवर ते कायद्याच्या व्याख्येत वेठबिगार ठरत नाहीत.

१६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती, आर. एस. पाठक आणि ए. एन. सेन यांच्या पीठाने निकाल दिला. ज्यांना वकील परवडत नाही, ज्यांना आपला हक्क माहीतच नाही, त्यांच्या वतीने कोणी सद्हेतूने पत्र लिहिले तर न्यायालयाचे दार बंद राहू शकत नाही, ही भूमिका भगवतींनी घेतली. अशी चौकशी म्हणजे सरकारवरचा हल्ला नाही, सरकारलाच आपले काम तपासून पाहण्याची ती संधी आहे, असेही त्यांनी बजावले. न्यायमूर्ती पाठक यांनी वेगळ्या निकालपत्रात सहमती दिली, पण पत्र एका न्यायमूर्तींच्या नावे न येता न्यायालयाच्या नावे यावे, अशी सावध सूचनाही केली.

वेठबिगारीच्या व्याख्येबद्दलचे उत्तर सगळ्यात महत्त्वाचे ठरले. उपाशी, निरक्षर मजुराने उचलीचा कागद आणून दाखवावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे कायदाच निष्फळ करणे. म्हणून न्यायालयाने नियम घालून दिला: माणसाकडून सक्तीने काम करवून घेतले जात आहे हे दिसले, की त्यामागे उचल किंवा तत्सम देणे आहे असे गृहीत धरायचे. ते खोटे ठरवायचे असेल तर मालकाने किंवा सरकारने ठरवावे. पुराव्याचे ओझे मजुराच्या डोक्यावरून उतरले. देशभरातल्या वीटभट्ट्या, शेते आणि खाणी यांतल्या वेठबिगारांसाठी हे गृहीतक आजही आधार आहे.

याशिवाय २१ निर्देश दिले गेले. जिल्ह्याच्या प्रत्येक उपविभागात दक्षता समित्या नेमा. वेठबिगार शोधा, सोडवा आणि त्यांचे पुनर्वसन करा. मजुरी जमादाराच्या हातात न देता थेट मजुराला द्या. ट्रकच्या मापाची अचानक तपासणी करा. शुद्ध पाणी द्या. धूळ बसावी म्हणून भोके पाडताना आणि क्रशरवर पाण्याचा फवारा मारा किंवा धूळ ओढणारी यंत्रे बसवा. शौचालये, दवाखाना, मुलांसाठी शाळा आणि पाळणाघर यांची व्यवस्था करा. केंद्रीय कामगार मंत्रालयातले सहसचिव लक्ष्मीधर मिश्र यांच्यावर प्रत्यक्ष पाहणीची जबाबदारी सोपवण्यात आली.

त्याआधी, १८ सप्टेंबर १९८२ रोजी, याच न्यायालयाने आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यातही निकाल दिला होता. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी, असा तो निकाल. स्टेडियम बांधणारा मजूर आणि त्या शहराला खडी पुरवणारा मजूर, दोघांच्या बाजूने सव्वा वर्षात दोन निकाल लागले. भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासातला हा अभिमानाचा काळ आहे.

पण डोंगरात फार थोडे बदलले. १९९१ मध्ये हेच प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा मजुरांच्या राहणीमानात सुधारणा झालेली नाही, असे न्यायालयालाच नोंदवावे लागले. दक्षता समितीत जिल्ह्याचे अधिकारी बसत, आणि खाणीतून महसूल गोळा करणारेही तेच सरकार. निर्देश दिल्लीतून निघत, अंमलबजावणी फरीदाबादमध्ये अडे.

धूळ आणि पाणी

याच सुमारास या डोंगराकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. क्रशरची धूळ दक्षिण दिल्लीच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली होती. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १५ मे १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की लाल कुआँ, आनंद पर्वत, राजोकरी, तुघलकाबाद इथले आणि हरियाणातल्या सूरजकुंड, लक्कडपूर, अनंगपूर, बडखल या पट्ट्यातले खडी क्रशर १५ ऑगस्ट १९९२ पासून बंद करावेत. त्यांना पालीजवळच्या नव्या क्रशर क्षेत्रात जागा देण्याची सोय झाली. क्रशरमालकांना पर्यायी भूखंड मिळाले. क्रशरवर राबलेल्या माणसांच्या फुप्फुसांत धूळ तशीच राहिली.

क्वार्ट्झाइट म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन रुततात, तिथे व्रण होतात आणि श्वास हळूहळू आखडतो. या सिलिकोसिसवर इलाज नाही. लक्षणे क्षयासारखी असल्याने अनेकांवर वर्षानुवर्षे क्षयाचे उपचार होत राहिले. १९८२ च्या आयुक्तांनी खाणीत पाहिलेल्या ‘जुनाट क्षया’कडे आज डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहील. क्रशर हलल्यानंतर लाल कुआँच्या गल्ल्यांत घरटी विधवा दिसू लागल्या. तिथल्या रुग्णांसाठी झगडणारी ‘प्रसार’ ही संस्था २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे सिलिकोसिसचा प्रश्न देशपातळीवर आला.

धुळीपाठोपाठ पाण्याचा प्रश्न पुढे आला. क्वार्ट्झाइट घट्ट असला तरी त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी मुरते आणि भूजलाला मिळते. खाणी भूजलपातळीखाली गेल्या तेव्हा खाली साचणारे पाणी पंपाने उपसून फेकले जाऊ लागले. बडखलचा तलाव आणि सूरजकुंड यांना मिळणारे झरे तुटू लागले. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितले. १९९६ च्या एप्रिलमध्ये तिचा अहवाल आला आणि १० मे १९९६ रोजी या दोन्ही तलावांपासून २ किलोमीटरच्या परिघात खाणकामाला बंदी घालण्यात आली. तरीही बडखल वाचला नाही. दिल्लीकरांच्या दोन पिढ्यांनी जिथे नौकाविहार केला, तो तलाव शतकाच्या वळणावर कोरडा पडला.

खाणी बंद होतात

दिल्लीच्या बाजूला शेवट आधी झाला. १९९० मध्ये भाटीत कडा ढासळून मजूर दगावले आणि उत्खनन थांबवण्यात आले. शेजारच्या असोला परिसरात १९८६ मध्येच अभयारण्य घोषित झाले होते. १९९१ मध्ये भाटीची जमीनही त्यात घेतली गेली. उजाड खड्ड्यांवर पुन्हा झाडे लावण्याचे काम २००० पासून प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने हाती घेतले, आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिथे निसर्गशिक्षणाचे केंद्र चालवते. आज तिथे नीलगायी, तरस आणि बिबटे आहेत. माणसाने ओरबाडलेला डोंगर पुन्हा जिवंत होऊ शकतो, याची ती खात्री आहे.

हरियाणाच्या बाजूला लढाई लांबली. ६ मे २००२ रोजी न्यायालयाने दिल्ली-हरियाणा हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत डोंगरातले खाणकाम आणि भूजलाचा उपसा थांबवला. १८ मार्च २००४ च्या निकालात खाणकामावर देखरेख समिती नेमली गेली आणि काटेकोर अटी घातल्या गेल्या. अटी पाळल्या गेल्या नाहीत. ८ मे २००९ रोजी न्यायालयाने फरीदाबाद आणि गुडगाव भागातल्या अरवलीतल्या सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्रातले सर्व खाणकाम स्थगित केले. शतकभर फुटत राहिलेला डोंगर थांबला. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून निळेशार तलाव झाले. दिल्लीची तरुण मुले तिथे पोहायला जातात आणि दरवर्षी त्यांतली काही बुडतात.

ज्यांचा हिशेब राहिला

खाणी बंद होणे आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. थरच्या वाळवंटाकडून येणारी धूळ आणि उष्ण वारे अडवणारी, दोन कोटींहून अधिक माणसांच्या महानगराखाली पाणी मुरवणारी ही शेवटची रांग आहे. ती खडी करून विकली असती तर पुढच्या पिढ्यांनी आपल्याला क्षमा केली नसती.

पण खाण बंद झाली तेव्हा खाणमजुराचे काय झाले? भाटीचे ओड अभयारण्याच्या हद्दीत अडकले. ज्या जमिनीवर त्यांची दुसरी-तिसरी पिढी जन्मली ती वनजमीन ठरली आणि तिथून हलवण्याचे आदेश निघाले. लक्कडपूरशेजारी खाणमजुरांच्या झोपड्यांतून खोरी नावाची वस्ती वाढली होती. खाणी बंद झाल्यावर तिथे इतर गरीब कुटुंबेही आली, दलालांना पैसे मोजून घरे बांधली. ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वनजमीन सहा आठवड्यांत मोकळी करण्याचा आदेश दिला. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरच्या पावसाळ्यात सुमारे १० हजार घरांवर बुलडोझर चालला. वस्ती उठवण्याचा आधार होता पंजाबचा १९०० सालचा भूसंरक्षण कायदा. खाणपट्टे दिले गेले, तेव्हा हाच डोंगर होता आणि हाच कायदाही होता. तो पट्टेदाराला आडवा आला नाही.

या साऱ्या घटनाक्रमात एक गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. १९८२ मध्ये न्यायालयाने एका पत्रावर चोवीस तासांत माणसे खाणीत पाठवली होती. तिथे किती जण राबतात, कुठून आले, काय खातात, काय पितात, किती देणे आहे, याची नोंद करवून घेतली होती. माणसांपर्यंत पोहोचण्याची पद्धत न्यायालयानेच घडवली होती. पुढच्या पंचवीस वर्षांत याच डोंगराबद्दल आदेशामागून आदेश निघाले. तज्ज्ञांना पाण्याची पातळी मोजायला पाठवले गेले, धुळीचे प्रमाण मोजायला पाठवले गेले. या आदेशांसाठी मजूर मोजायला कोणी गेले नाही. पर्यावरणाच्या फायलीत वेठबिगारांची फाईल जोडली गेली नाही. डोंगराला न्याय मिळाला, आणि ज्यांनी तो डोंगर उरावर घेतला त्यांना आधी निर्देश मिळाले, मग बेरोजगारी, मग बेदखलीची नोटीस.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. भगवतींच्या निकालातला शाळेचा निर्देश प्रत्यक्षात कसा उतरतो, हे तिथे दिसते. इच्छा असेल तर खाणीच्या काठापर्यंत पोहोचता येते.

देशात यापुढेही खाणी बंद होतील, आणि व्हायलाच हव्यात. नद्यांतला वाळूउपसा थांबेल, कोळशाच्या खाणी मिटतील, सह्याद्रीतले दगडाचे पट्टेही एक दिवस रद्द होतील. त्या प्रत्येक आदेशाबरोबर तिथे राबणाऱ्यांची नावानिशी यादी, त्यांच्या छातीची तपासणी, थकलेल्या मजुरीचा हिशेब आणि राहत्या जागेचा निर्णय जोडला गेला पाहिजे, आणि हे सारे पहिली यंत्रे बंद पडण्याआधी व्हायला पाहिजे. खर्च पट्ट्यातून आलेल्या महसुलातून व्हावा, कारण तो महसूल त्याच माणसांच्या श्रमांतून आलेला आहे. फरीदाबादच्या खाणींनी देशाला दोन मोठे कायदेशीर धडे दिले. तिसरा धडा त्या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे: डोंगर आणि मजूर यांचा निवाडा एकत्रच व्हायला हवा.